दोन डिस्क, दोन ऑपरेटिंग सिस्टिम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावातील संगणकदुरुस्तीच्या टेबलावर, आणि भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर येथून येणाऱ्या निरोपांत, गेले काही महिने एकाच विषयाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबली. ज्यांचे मशिन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांना लिनक्स ही विंडोजऐवजी मशिन चालवणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरून पाहायची आहे. पण हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि लग्नपत्रिकेची जुनी डिझाइने सोडवत नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही हवे असते. या सर्वांनी विचारलेले प्रश्न येथे क्रमाने दिले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकाच डिस्कचे भाग पाडून दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसतात, मग दुसऱ्या डिस्कचा खर्च कशासाठी करायचा?

एकाच डिस्कवर दोन्ही बसतात हे खरे आहे, आणि ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नाही त्यांना तोच मार्ग उरतो. परंतु त्या मांडणीत डिस्क एक, विभागांचा तक्ता एक आणि मशिन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूट फाइलींचा छोटा विभागही बहुधा एकच असतो. वाटण्या झाल्या तरी चूल एकच ठेवावी, तसा हा प्रकार आहे. विंडोजचा विभाग लहान करून लिनक्सला जागा काढताना मध्येच वीज गेली, तर नवे बसत नाही आणि जुनेही उघडत नाही.

डिस्क वेगळ्या ठेवल्या की एक बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहते, आणि एक पुसून नव्याने भरताना दुसरीला हात लागत नाही. मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. दोन डिस्क आहेत, दोन सिस्टिम आहेत, पण दोघींच्या बूट फाइली एकाच डिस्कवर जाऊन बसल्या आहेत, अशी कितीतरी मशिने टेबलावर येतात. म्हणून एक कसोटी सुरुवातीलाच सांगतो: दोहोंपैकी कोणतीही एक डिस्क काढून ठेवली, तरी उरलेल्या एकट्या डिस्कवर मशिन सुरू झाले पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरे या कसोटीवरच आधारलेली आहेत.

२. माझ्या मशिनमध्ये दुसरी डिस्क बसेल का, हे कसे ओळखायचे?

डेस्कटॉप असेल तर बहुधा बसते. कॅबिनेटची बाजूची पत्री उघडून मदरबोर्डवर (मशिनच्या मुख्य सर्किटबोर्डवर) रिकामे साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची डेटा केबल लावण्याची जागा, आहे का आणि एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) साटाची चपटी, लांबट पॉवर पिन मोकळी आली आहे का, या दोन गोष्टी पाहाव्यात. पत्त्याच्या पानासारखी सपाट एम.२ एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावायची असेल, तर मदरबोर्डवर तिचा आडवा स्लॉट आणि त्यासमोर बारीक स्क्रूची जागा असते. येथे एक मेख आहे. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरात आला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि लोक डिस्क खराब निघाली म्हणून दुकानात परत नेतात. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत कोणता पोर्ट कोणत्या स्लॉटसोबत बंद होतो, हे लिहिलेले असते. शिवाय सर्व एम.२ स्लॉट सारखे नसतात. काही फक्त साटा प्रकारची, काही फक्त एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारची, तर काही दोन्ही प्रकारची एसएसडी स्वीकारतात.

लॅपटॉपमध्ये कधी एक एम.२ आणि एक अडीच इंची अशा दोन जागा असतात. तशी सोय नसल्यास लिनक्स बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर बसवता येते आणि ते बऱ्यापैकी चालतेही. विंडोज मात्र बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बसवण्यास तिचा स्वतःचा इन्स्टॉलर नकार देतो. म्हणून विंडोज आत आणि लिनक्स बाहेर, अशीच वाटणी ठेवावी.

३. प्रत्येक डिस्क किती जीबीची घ्यावी? जुनी हार्ड डिस्क चालेल का?

विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी २५ जीबी सांगितले जातात आणि लिनक्स मिंटसाठी किमान २० जीबी. हे आकडे जेमतेम जगण्याचे आहेत. रोजच्या कामाला प्रत्येकी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी सोयीची पडते. जुनी ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क फेकू नये, पण तिच्यावर सिस्टिमही बसवू नये. ती सामाईक फाइलींसाठी ठेवावी. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचारही येथेच करावा. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या गाळ्यात बंद कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून तापते. डेस्कटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कची कार्यमर्यादा ६० अंश सेल्सिअस दिलेली असते, म्हणजे हाताशी अंतर फार नाही. दोन डिस्क एकावर एक चिकटवून न बसवता मध्ये एक खण मोकळा सोडावा. जिनिंगच्या परिसरातून आलेली मशिने उघडली की समोरच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा चक्क नमदा बसलेला दिसतो. दुसरी डिस्क लावण्याआधी तो काढावा.

४. आधी विंडोज मारायचे की आधी लिनक्स?

एका डिस्कवर दोन्ही असतील तर आधी विंडोज आणि मग लिनक्स, हा जुना नियम बरोबर आहे. वेगळ्या डिस्कवर, आणि प्रश्न ५ मधील पद्धतीने, क्रमाला काही महत्त्व राहत नाही. चालू असलेली सिस्टिम तशीच ठेवावी आणि नवीन डिस्कवर नवीन सिस्टिम टाकावी.

५. प्रत्यक्ष काम कसे करायचे, सुरुवातीपासून सांगाल का?

आधी तयारी. ज्या फाइली गेल्यास झोप उडेल, त्या मशिनबाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन तो रुफस किंवा व्हेंटॉय या सॉफ्टवेअरांपैकी एकाने बूटेबल, म्हणजे त्यावरून मशिन सुरू होईल असा, करावा; व्हेंटॉयमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइली एकाच पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करून ठेवता येतात, फक्त त्यासाठी पेनड्राइव्ह मोठा लागतो. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच एन्क्रिप्शनने कुलूपबंद आहे का, हे या टप्प्यावरच पाहून घ्यावे (प्रश्न ९).

त्यानंतर विंडोज पूर्ण बंद करावे. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केले, तर विंडोज अर्धवट झोपत नाही, खरोखर बंद होते. भिंतीवरचे बटण बंद करावे, मागची वायर काढावी आणि मशिनचे पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून मगच आत हात घालावा.

आता या सर्व प्रकरणातले मुख्य काम येते: विंडोजच्या डिस्कची साटा डेटा केबल काढून ठेवणे. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची ही पिन असते आणि तिच्या पाठीवर बहुधा नखाएवढी धातूची पट्टी असते. ती पट्टी अंगठ्याने दाबून पिन सरळ मागे ओढावी. वाकडी ओढली तर डिस्कच्या तोंडावरची प्लास्टिकची जीभ तुटते आणि मग ती डिस्क कोणत्याही केबलला दाद देत नाही. पॉवरची पिन राहिली तरी चालते. कोणती केबल कोणत्या पोर्टमधून काढली, याची खूण मार्करने करून ठेवावी किंवा मोबाइलवर फोटो काढावा.

नवी डिस्क जोडून, पेनड्राइव्ह लावून, बूट मेनूमधून (कळांसाठी प्रश्न ७) पेनड्राइव्हची यूईएफआय (अर्थ प्रश्न ८ मध्ये) असे लिहिलेली नोंद निवडावी. इन्स्टॉलरला आता एकच डिस्क दिसते, त्यामुळे संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय बिनधास्त निवडता येतो. चुकीची डिस्क पुसली जाण्याची शक्यता वायरीसोबतच निघून गेलेली असते. इन्स्टॉलेशनच्या वेळी डेस्कटॉप यूपीएसवर असावा आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का, हे आदल्या दिवशीच तपासलेले असावे. काम झाले की पेनड्राइव्ह काढून नवी सिस्टिम दोन-तीन वेळा बंद-चालू करावी आणि तिची अद्यतने उरकून घ्यावीत.

शेवटी मशिन पुन्हा वीज तोडून उघडावे, नव्या डिस्कची केबल थोडा वेळ काढून विंडोजची केबल परत जोडावी, आणि विंडोज एकटे सुरू होते का, हे पाहावे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि ती सगळेच टाळतात. विंडोज एकटे उठले नाही, तर प्रश्न १४ कडे वळावे. दोन्ही एकेकट्या चालल्या, की दोन्ही केबली जोडून पत्री लावावी.

६. माझी विंडोज एम.२ एसएसडीवर आहे. तिला केबलच नाही, मग काय काढायचे?

एम.२ एसएसडीसुद्धा काढता येते. टोकाचा स्क्रू सोडला की ती स्वतःहून तिरकी वर येते. मग हळूच बाहेर ओढावी. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो, म्हणून डबीच्या झाकणात ठेवूनच पुढचे काम करावे. वर उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी असल्यास मशिन निवू द्यावे, आणि पट्टीखालचा चिकट पॅड फाटणार नाही असे उचलावे.

काढणे शक्य नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तो स्लॉट किंवा ती डिस्क बंद करण्याची सोय आहे का, हे पाहावे. काही बोर्डांत आहे, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत नाही. लिनक्स बसवताना तिसरा उपायही आहे: लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स न बसवताही चालते) जीपार्टेड हे डिस्कचे विभाग हाताळणारे सॉफ्टवेअर उघडून विंडोजच्या डिस्कवरील ईएफआय विभागाची (बूट फाइलींच्या छोट्या विभागाची) बूट आणि ईएसपी ही दोन चिन्हे तात्पुरती काढावीत, लिनक्स नव्या डिस्कवर स्वतःच्या ईएफआय विभागासह बसवावे आणि नंतर ती चिन्हे पूर्ववत करावीत. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कोठे टाकायचा याची निवड दिसत असे, पण यूईएफआय मशिनवर ती निवड न जुमानता फाइली पहिल्या सापडलेल्या ईएफआय विभागातच जात. हा उपाय त्यातूनच निघाला.

७. मशिन सुरू करताना कोणती सिस्टिम हवी, हे कसे निवडायचे?

सुरू होतानाच बूट मेनूची कळ टपटप दाबावी. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटमध्ये ती बहुधा एफ१२ असते, एचपीमध्ये एफ९, एमएसआय आणि एएसरॉकमध्ये एफ११, असुसच्या डेस्कटॉप बोर्डात एफ८ आणि असुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२ आहे, पण अनेक मॉडेलांत ती आधी बायोसमधून चालू करावी लागते. विंडोजमधून जायचे असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावे. निळ्या पडद्यावर डिव्हाइस वापरण्याचा पर्याय येतो आणि त्यात दुसरी सिस्टिम दिसते.

लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरचा मेनू दोन्ही सिस्टिम एका यादीत दाखवू शकतो. एकाच मशिनवर तीन-चार माणसे बसत असतील, आणि त्यांतील कोणालाही कळ दाबण्याची सवय नसेल, तर ग्रब सोयीचा आहे. बायोसमध्ये लिनक्सची डिस्क पहिली ठेवावी. ग्रबच्या २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो, म्हणून यादीत विंडोज न दिसल्यास ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून मेनू पुन्हा तयार करावा. माझा स्वतःचा कल मात्र बोर्डाच्या मेनूकडे आहे. ग्रबचे काही बिघडले तरी विंडोजची वाट त्याच्या अंगणातून जात नाही, हे बरे.

८. यूईएफआय आणि लेगसी ही काय भानगड आहे, आणि माझ्याकडे कोणते आहे?

मशिन सुरू होण्याच्या या दोन पद्धती आहेत. जुन्या लेगसी पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच खंडातील छोटा कोड वाचला जातो आणि डिस्कचा तक्ता एमबीआर प्रकारचा असतो. त्यात चारच मुख्य विभाग मावतात आणि सर्वसाधारण डिस्कचा २ टीबीपुढचा भाग वापरता येत नाही. यूईएफआय पद्धतीत तक्ता जीपीटी प्रकारचा असतो आणि फॅट३२ मध्ये असलेल्या छोट्या ईएफआय विभागातून बूट फाइली वाचल्या जातात. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यास बायोस मोड या ओळीत कोणती पद्धत आहे, ते लिहिलेले असते.

दोन्ही सिस्टिम यूईएफआय पद्धतीने बसवणे उत्तम. वेगळ्या डिस्कवर एक लेगसी आणि एक यूईएफआय असे मिश्रणही चालते, परंतु तेव्हा निवड बोर्डाच्या मेनूतूनच करावी लागते. यूईएफआयमधला ग्रब लेगसी विंडोजला उठवू शकत नाही. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी नावाची सोय विंडोजमध्येच आहे. तिने फाइली न पुसता डिस्क जीपीटी करता येते. त्यानंतर बायोसमध्येही यूईएफआय चालू करावे लागते. तरीही बॅकअप आधी.

९. सिक्युअर बूट बंद करावे लागते का? आणि बिटलॉकर अचानक किल्ली का मागतो?

उबुंटू, फेडोरा, डेबियन आणि लिनक्स मिंट सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूट फाइलींनाच चालू देणारी सोय) चालू असतानाही बसतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताना मात्र इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच मागतो. लोक त्या पडद्याला घाबरून एंटर दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही.

बिटलॉकरची गोष्ट अधिक गंभीर आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की बहुतेक मशिनांवर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते. मालकाला त्याची कल्पनाही नसते. मग सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, बायोस अद्ययावत केला किंवा बूटचा क्रम हलवला, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, उपकरणांच्या पानावर सापडते; पण खाते दुकानदाराच्या किंवा एखाद्या भाच्याच्या ईमेलवर काढलेले असेल, तर मात्र शोधाशोध होते. म्हणून केबल काढण्यापूर्वीच किल्ली वहीत उतरवावी, ४८ अंक दोनदा ताडून पाहावेत, आणि बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा.

१०. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. बॅटरी गेली का?

बॅटरीचा यात दोष नाही. मदरबोर्डावरील घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे असे धरून चालते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने फरक नेमका तेवढाच पडतो. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने बोर्डाचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो. फरक साडेपाच तासांचा नसून तारीखच जुन्या वर्षात गेली असेल, तर मात्र सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बदलावी. ती संपल्यावर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात, आणि त्यासोबत बूटचा क्रमही.

११. दोन्ही सिस्टिमना एकच फाइल उघडता आली पाहिजे. सामाईक जागा कशी ठेवावी?

तिसरी डिस्क, किंवा दोहोंपैकी एका डिस्कवरचा स्वतंत्र विभाग, एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. लिनक्स दोन्ही वाचते आणि लिहिते. कायम आत राहणाऱ्या डिस्कसाठी मी एनटीएफएस सुचवतो, कारण वीज अचानक गेल्यावर ते अधिक सावरते.

येथे विंडोजचे फास्ट स्टार्टअप आडवे येते. ते चालू असताना शट डाउन केलेले विंडोज पूर्ण बंद होत नाही. ते आपली अवस्था डिस्कवर साठवून झोपते आणि जोडलेल्या एनटीएफएस विभागांना आपल्या ताब्यात समजते. त्या स्थितीत लिनक्स तो विभाग फक्त वाचण्यापुरता उघडते, किंवा उघडतच नाही. जोर लावून लिहिले, तर पुढच्या वेळी विंडोज उठल्यावर फाइली गायब झालेल्या दिसू शकतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे. एका सिस्टिमला हायबरनेट करून दुसरीत जाण्याची सवयही लावून घेऊ नये.

१२. लिनक्सच्या इन्स्टॉलरला माझी डिस्क दिसतच नाही. डिस्क खराब आहे का?

बायोसमध्ये डिस्क दिसत असेल, तर ती बहुधा ठीक आहे. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या पद्धतीवर ठेवलेली असते आणि काही लिनक्स इन्स्टॉलर तेथे अडतात. बायोसमध्ये ती पद्धत एएचसीआय करावी लागते, पण थेट बदलल्यास जुने विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. म्हणून आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे ठरवावे, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्यावे आणि मग सेफ मोड काढावा. बिटलॉकर असेल तर प्रश्न ९ त्याआधी वाचावा.

१३. आमच्या प्रेसमध्ये जुने मराठी डीटीपी सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालते. विंडोज ७ एका डिस्कवर आणि ११ दुसऱ्या डिस्कवर ठेवता येईल का?

येईल, परंतु बोर्ड पाहूनच सांगता येते. विंडोज ७ सिक्युअर बूट ओळखत नाही आणि बहुधा बोर्डावर लेगसीची सोय म्हणजे सीएसएम चालू असावी लागते. अनेक नव्या बोर्डांतून ती काढून टाकलेली आहे. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये एनव्हीएमई आणि यूएसबी ३ चे ड्रायव्हरही नाहीत, त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या मध्यावर माउस आणि कीबोर्ड मृत होतात. साटा एसएसडी आणि यूएसबी २ चे पोर्ट, हा त्यावरचा साधा मार्ग. बसवताना विंडोज ११ ची डिस्क काढून ठेवणे येथे दुप्पट आवश्यक आहे.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे, म्हणून त्या सिस्टिमला इंटरनेट देऊ नये. ग्राहकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्यात जात असतील, तर तिला शेजारची विंडोज ११ ची डिस्कही दिसू नये. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ऑफलाइन करून ठेवावी. बोर्ड नवा असेल तर विंडोज ११ वर व्हर्च्युअल मशिनमध्ये विंडोज ७ चालवणे अधिक सोपे पडते, आणि सॉफ्टवेअरची यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) त्या मशिनला जोडून देता येते. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टची असेल, तर माझा सल्ला असा की ते जुने मशिनच सांभाळावे आणि त्याच्या एसएमपीएसची काळजी घ्यावी.

१४. जुनी डिस्क काढली आणि नव्या एसएसडीवरचे विंडोज सुरूच होईना. विंडोज तर एसएसडीवर होते!

साक्रीहून आलेल्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न अहिराणीत विचारला होता: "भाऊ, मनं विंडोज कथा गयं?" विंडोज जागेवरच असते, हरवते ती त्याची दाराची किल्ली. बसवताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर आधीपासून ईएफआय विभाग असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर नव्या एसएसडीवर वेगळा विभाग न करता बूट फाइली त्या जुन्यात टाकू शकतो. सगळे सुरळीत चालते, आणि ज्या दिवशी जुनी डिस्क निघते किंवा मरते त्या दिवशी नवी एसएसडीही उठत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका प्रेसवाल्यांच्या मशिनमध्ये नवी एसएसडी लावून, घाईत, जुनी डिस्क न काढता विंडोज बसवून दिले. चार महिन्यांनी, लग्नसराईच्या ऐन भरात, खडखडणारी जुनी डिस्क त्यांनी स्वतःच काढली आणि मशिन काळ्या पडद्यावर थांबले. पत्रिका छापायच्या खोळंबल्या होत्या, आणि दोष त्यांना केबल काढल्याचा वाटत होता, जो खरे तर माझा होता.

जुनी डिस्क अजून हाताशी असेल, तर ती परत जोडली की विंडोज उठते, आणि मग निवांत दुरुस्ती करता येते. डिस्क मॅनेजमेंटमधून एसएसडीवरील विंडोजचा विभाग सुमारे ३०० एमबीने लहान करावा, त्या जागेत फॅट३२ चा ईएफआय विभाग डिस्कपार्ट या विंडोजच्या आज्ञेने तयार करून त्याला तात्पुरते अक्षर द्यावे, आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूट फाइली तेथे उतरवाव्यात. जुनी डिस्क गेलेलीच असेल तर हेच काम विंडोजच्या पेनड्राइव्हवरील कमांड प्रॉम्प्टमधून होते. हे सर्व एसएसडी जीपीटी असल्याचे धरून आहे. एमबीआर असेल तर आधी प्रश्न ८.

१५. दुसऱ्या डिस्कवर त्याच मशिनमध्ये दुसरे विंडोज टाकले, तर त्याच लायसन्सवर चालेल का?

डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेले असते, त्यामुळे तीच एडिशन दुसऱ्या डिस्कवर टाकल्यास ती सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते. परंतु ॲक्टिव्हेट होणे आणि परवाना असणे या दोन गोष्टी आहेत. एका परवान्यावर एका वेळी एकच प्रत ठेवता येते. डिस्क बदलून जुनी पुसली असेल, तर काही अडचण नाही.

दोन विंडोज ठेवल्यास चालू असलेले प्रत्येक विंडोज स्वतःला सी म्हणते आणि दुसऱ्याला डी किंवा पुढचे अक्षर देते, याने गोंधळू नये. दुसऱ्या विंडोजमधील वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येऊन पुढे जाण्याचे बटण दिसते. ते दाबल्यास त्या फोल्डरच्या परवानग्या खरोखर बदलतात. एखादी फाइल हवी असेल तोवर ठीक; सिस्टिमच्या फोल्डरांवर ते कधीही दाबू नये.

१६. केबल काढून पुन्हा जोडली, तर बूट मेनूतून लिनक्सचे नावच गेले. पुन्हा बसवावे लागेल का?

नाही. बूटच्या नोंदी मदरबोर्डाच्या स्मृतीत असतात, आणि काही बोर्ड डिस्क न दिसताच तिची नोंद पुसून टाकतात. बूट मेनूमध्ये डिस्कच्या कंपनीच्या नावाची नोंद निवडून पाहावी. उबुंटूसारख्या सिस्टिम ईएफआय विभागातील ठरावीक बूट फोल्डरमध्येही आपली एक प्रत ठेवतात. तेथून सुरुवात झाली की हरवलेली नोंद पुन्हा लिहिली जाते. ती डिस्क दुसऱ्या मशिनला लावली तरी बहुधा याच मार्गाने लिनक्स उठते. तेही जमले नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवावा लागतो, आणि तेव्हाही दुसरी डिस्क काढूनच.

१७. विंडोजची डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन केली. आता दोन्ही लावल्या की एक दिसत नाही, असे का?

क्लोन केल्यावर, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यावर, तिची ओळखखूणसुद्धा जशीच्या तशी उतरू शकते. एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्या, की विंडोज त्यांतील एकीला ऑफलाइन करते. ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते. मशिन नव्या एसएसडीवरून सुरू झाले असे वाटत असताना प्रत्यक्षात जुन्या डिस्कवरूनच चालू असणे, हा त्याहून फसवा प्रकार. आठवडाभर काम करून झाल्यावर ते कळते. क्लोन झाल्याबरोबर मशिन बंद करून जुनी डिस्क काढावी, नवी एकटीच लावून सुरू करावे आणि दोन-चार दिवस तशीच चालवावी. सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावर जुनी डिस्क दुसऱ्या मशिनला किंवा यूएसबी खोक्यात लावून पुसावी, आणि मगच ती लिनक्ससाठी किंवा फाइलींसाठी पुन्हा आत बसवावी.